सांबर की चितळ? शिंगं, खुरं आणि हाका वाचताना

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणांतून ज्या नोंदवह्या भरल्या जातात, त्यांत एक चूक सहज शिरते. सांबरांच्या रकान्यात माद्या भरपूर आणि नर जेमतेम एखादा. रानात सांबराचे नर नसतात असं नाही. मे महिन्यात त्यातल्या बऱ्याच नरांच्या डोक्यावर शिंगंच नसतात, किंवा असतात ती नुकती फुटलेली, बुटकी, मऊ लव असलेली. चांदण्यात ती दिसत नाहीत आणि नराची नोंद मादी म्हणून होते. त्याच संध्याकाळी त्याच पाण्यावर आलेल्या चितळाच्या नराची शिंगं मात्र पूर्ण वाढलेली, टणक आणि टोकाला चकचकीत असतात.

ठिपक्यांचं ते चितळ आणि मोठं तपकिरी ते सांबर, एवढी ओळख दिवसाउजेडी अख्खा प्राणी समोर उभा असेल तर पुरते. रानात अशी संधी कमी मिळते. बहुतेकदा हाती लागतो तो ओल्या मातीतला ठसा, लेंड्यांचा ढीग, पाचोळ्यात पडलेलं शिंग, नाहीतर नाल्यापलीकडून आलेली एक हाक. या खुणा वाचायच्या तर दोघांचं राहणीमान समजून घ्यावं लागतं. चितळ कळपात आणि मोकळ्यावर जगतं. सांबर एकटं आणि दाट झाडीत. पुढचे बरेचसे फरक इथून निघतात.

नातं कितपत जवळचं

मराठीत आपण काळवीटालाही हरीण म्हणतो आणि चितळालाही. प्राणिशास्त्रात ती दोन वेगळी कुळं आहेत. काळवीट, चिंकारा, चौसिंगा आणि नीलगाय यांची शिंगं आयुष्यभर टिकतात. आत हाडाचा गाभा आणि वर नखासारख्या पदार्थाचं आवरण, आणि त्यांना फांद्या फुटत नाहीत. सांबर आणि चितळ यांची शिंगं म्हणजे भरीव हाड. ती फक्त नराला येतात, त्यांना फांद्या असतात, आणि ती गळून पुन्हा नवी उगवतात. महाराष्ट्राच्या जंगलात या दुसऱ्या कुळातले तीनच प्राणी आहेत: सांबर, चितळ आणि भेकर. पिसोरी हरणासारखी दिसते, पण तिचं कुळ वेगळं. तिला शिंगं येतच नाहीत.

या तिघांत भेकर जरा लांबचं. सांबर आणि चितळ एकाच उपकुळातल्या एकाच शाखेचे. दोघांच्या नरांना प्रत्येक बाजूला तीन टोकांची शिंगं येतात, त्यामुळे पूर्वी त्यांना फार जवळचं समजलं जायचं. जनुकांचा अभ्यास झाल्यावर चित्र बदललं. सांबराचं जवळचं नातं काश्मीरच्या हंगूलाशी आणि युरोपातल्या लाल हरणाशी निघालं. चितळाची शाखा त्याआधीच वेगळी झालेली, बारशिंग्याच्या जवळची. म्हणजे सांबर आणि चितळ सख्खे नव्हेत, चुलत आहेत. शिंगांचा आराखडा सारखा असला म्हणून नातं तितकंच जवळचं असतं, असं नाही.

चितळ हे नाव संस्कृत 'चित्रल', म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा, यावरून आलं. सांबराच्या नावाबद्दल पुण्या-मुंबईच्या पर्यटकांसाठी एक सूचना: विदर्भात 'सांबार' म्हणजे कोथिंबीर. ताडोब्याजवळच्या खानावळीत सांबारवडी मिळते ती कोथिंबिरीची.

आकारातला फरक मोठा आहे. चितळाचा पूर्ण वाढलेला नर खांद्याशी साधारण 90 सेंटीमीटर उंच आणि 70 ते 90 किलो वजनाचा; मोठ्या बोकडाहून थोडा उंच. सांबराचा नर 130 ते 150 सेंटीमीटर उंच आणि 200 किलोच्या पुढे, उंचीला तट्टाएवढा. मादी दोन्हींत बरीच हलकी. चितळाचे पांढरे ठिपके जन्मभर राहतात, पाठीच्या कण्यावरून गडद पट्टा जातो, गळा पांढरा असतो. सांबराच्या अंगावर ठिपके नसतात. पाडसाच्या अंगावर पुसट दिसलेच तर लवकर जातात. कान रुंद, शेपूट झुपकेदार, आणि नराच्या मानेवर राठ केसांची आयाळ.

सांबराच्या गळ्याखाली कधी कधी केस गेलेला, लालसर, ओला डाग दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं वाघाच्या तावडीतून सुटलेलं दिसतंय. ती शिकारीची जखम नव्हे. असा डाग नर-मादी दोघांतही दिसतो. तो कशामुळे पडतो यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वन्यजीव रक्षकाला "जखमी सांबर" म्हणून कळवण्याआधी डागाची जागा बघावी. गळ्याच्या मधोमध, एकच गोल चट्टा, आणि जनावर नीट चरतंय, तर काळजीचं कारण बहुधा नाही.

शिंगांचं वर्ष

नराच्या कपाळावर हाडाचे दोन कायमचे खुंट असतात. त्यांवर नवं शिंग फुटतं तेव्हा ते मऊ असतं आणि त्यावर मखमलीसारखी लव असलेली कातडी असते. या कातडीतून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जातात. शिंग गरम असतं, दुखतं, आणि मार बसला तर वेडंवाकडं वाढतं. म्हणून या काळात नर एकमेकांना शिंगं भिडवत नाहीत. वाद झालाच तर मागच्या पायांवर उभं राहून पुढच्या खुरांनी मारतात. काही महिन्यांत वाढ पूर्ण होते, रक्तातलं नराचं संप्रेरक वाढतं, कातडी सुकते आणि नर ती झाडाझुडपांवर घासून काढतो. आता टणक, मेलेलं हाड उरतं, झुंजीच्या कामाचं. माजाचा काळ सरला की संप्रेरक उतरतं, खुंट आणि शिंग यांच्यामधला हाडाचा थर झिजतो, आणि शिंग आपल्याच वजनाने गळून पडतं. दोन्ही शिंगं एकाच दिवशी पडतीलच असं नाही, त्यामुळे मधल्या काळात एकशिंगी नरही दिसतो.

हे चक्र दोघांत सारखंच आहे. वेगळं आहे ते त्याचं वेळापत्रक.

मध्य भारतात चितळाचा माज उन्हाळ्यात, साधारण एप्रिल ते जूनमध्ये भरात येतो. शिंगं पावसाळ्याच्या उत्तरार्धात गळायला लागतात आणि हिवाळ्यात नव्या शिंगांवर लव असते. सांबराचा माज नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास. शिंगं मार्च ते मे दरम्यान गळतात, पावसाळ्यात लव असते, आणि पावसाळा संपता संपता ती टणक होतात. दोन्ही माद्यांचा गर्भकाळ साधारण आठ महिन्यांचा, त्यामुळे पाडसांचा हिशेबही सोपा पडतो. मे-जूनच्या माजावर चितळाची पाडसं जास्त करून जानेवारी-फेब्रुवारीत. नोव्हेंबर-डिसेंबरच्या माजावर सांबराची भर पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास. दोघीही एका वेळी बहुधा एकच पाडस देतात.

एक गोष्ट मात्र विसरू नये. चितळांचे सगळे नर एका तालावर चालत नाहीत. प्रत्येकाचं चक्र थोडं पुढे-मागे असतं, आणि वर्षातल्या कुठल्याही महिन्यात मोठ्या कळपात एखादा टणक शिंगांचा नर सापडू शकतो. वर दिलेले महिने कळपातल्या बहुसंख्य नरांचे आहेत. सांबर या बाबतीत जास्त नेमाचं.

म्हणून डिसेंबरच्या सफारीत आयाळ फुगवलेला, चिखलात लोळून काळा झालेला, भरदार शिंगांचा सांबर नर बघायला मिळतो, आणि त्याच दिवशी चितळांच्या कळपातले बरेच नर लवदार शिंगं घेऊन हिंडत असतात. मे महिन्यात बाजू पालटते.

मग बिनशिंगाचा सांबर नर ओळखायचा कसा? आधी मान बघावी: नराची मान जाड आणि छातीकडे उतरती, मादीची सडसडीत. डोकं एका बाजूने दिसलं तर कानांच्या पुढे खुंटांचा उंचवटा दिसतो. जनावर पाणी प्यायला वाकलं आणि मागे चांदण्याने चमकणारं पाणी असलं की ही रेघ सगळ्यांत स्पष्ट उमटते. सोबत पाडस असलेलं मोठं जनावर मादी समजायला हरकत नाही. एवढं करूनही खात्री होत नसेल तर "प्रौढ सांबर, नर-मादी अनिश्चित" असंच लिहावं. अंदाजाने "मादी" लिहिण्यापेक्षा ही नोंद जास्त उपयोगाची आहे.

चितळातही उलट्या ऋतूत हाच घोटाळा होतो, पण तिथे चेहरा मदत करतो. प्रौढ नराच्या कपाळावरचे आणि तोंडावरचे पट्टे गडद असतात, अंगही मादीपेक्षा काळपट आणि भारी.

एक कळपातलं, एक एकांतातलं

चितळ मुख्यतः गवतावर जगतं. गवत मोकळ्या जागी असतं, आणि मोकळ्यावर लपता येत नाही. म्हणून संख्या हाच आडोसा. दहा-वीस ते पन्नास जनावरांचे कळप नेहमीचे, चांगल्या कुरणात शंभरावरही जातात. या कळपाची घडण सैल असते. सकाळचा कळप आणि संध्याकाळचा कळप तोच असेल याची खात्री नाही, आणि मोजणीत दुबार नोंद होण्याचं हे एक मोठं कारण. चितळाला पाणी रोज लागतं, त्यामुळे ते पाणवठ्यापासून फार लांब जात नाही. चढाचे, खडकाळ उतार ते टाळतं.

सांबर गवत खातं, पण झाडाची पानं, कोवळे शेंडे, फळं, साल आणि पाणवनस्पतीही खातं. इतकं वेगवेगळं खाणारं जनावर कुठेही निभावून नेतं: सह्याद्रीच्या घाटात, मेळघाटच्या डोंगराळ सागवनात, हिमालयात तीन हजार मीटरच्या वरही. रणथंभोरच्या तलावांत तर सांबरं पोटापर्यंत पाण्यात उतरून पाणवनस्पती खातात, आणि त्याच पाण्यात मगरी असतात. सांबर पोहतंही चांगलं. रानकुत्री मागे लागली की ते पुष्कळदा पाण्यात शिरतं आणि तिथे तोंड वळवून उभं राहतं.

दिवसाचा बराच वेळ सांबर झाडीत बसून काढतं आणि रात्री बाहेर येतं. एकटा नर, किंवा मादी आणि तिचं पाडस, एवढाच त्याचा गट. पाण्यावर किंवा खारट मातीच्या चाटणीवर आठ-दहा जमलेली दिसली तरी तो कळप नव्हे. धोक्याची शंका आली की सांबर पळत नाही, थिजतं. तपकिरी अंग, निश्चल उभं राहणं, आणि फिरत राहणारे रुंद कान. वाटेपासून पंधरा पावलांवर उभं असलेलं सांबर न दिसता राहून जातं. पहाटेच्या वेळी, आधी आखून ठेवलेल्या रेषेवरून पायी चालत जनावरं मोजायची पद्धत चितळाला चांगली लागू पडते आणि सांबराला कमी, त्याचं कारण हेच.

पेंचच्या सपाट, मिश्र जंगलात चितळांची दाटी देशातल्या सर्वाधिक ठिकाणांपैकी आहे. मेळघाटच्या चढउतारात चितळ विरळ होतं आणि वाघाचं मुख्य भक्ष्य सांबर ठरतं. वाघाच्या बाजूने पाहिलं तर सांबर हा मोठा सौदा आहे. एक सांबर त्याला काही दिवस पुरतं, चितळ लवकर संपतं. बिबट्या आणि रानकुत्री यांचा भर चितळावर जास्त. त्यामुळे एखाद्या जंगलात चितळ भरपूर वाढलं आणि सांबर घटलं, तर "हरणं वाढली" असं म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. वाघासाठी ही अदलाबदल समान नाही. जगाच्या पातळीवरही सांबर आज असुरक्षित प्रजातींत मोडतं, चितळ नाही.

चितळ किती पटकन वाढतं हे अंदमानात दिसलं. इंग्रजांच्या काळात तिथे चितळं सोडली गेली. त्या बेटांवर ना वाघ, ना बिबट्या, ना रानकुत्री. कोवळी रोपं खाल्ली जातात, आणि म्हाताऱ्या झाडांच्या जागी नवी उभी राहायला अडचण येते. हवाई बेटांवर 1868 साली नेलेल्या चितळांनीही तिथल्या झाडोऱ्याचं असंच नुकसान केलं. ताडोब्यात जे जनावर रानाचा आधार आहे, तेच शिकारी नसलेल्या बेटावर रानाचं ओझं होतं.

आपल्या रानात हेच चितळ झाडं लावायचंही काम करतं. आवळा गिळून पुढे रवंथ करताना ते बिया तोंडावाटे टाकतं, आणि झाडापासून दूर नवा आवळा रुजू शकतो. आणि वानरांची सोबत तर सर्वांच्या परिचयाची. वानरं वरून अर्धवट खाल्लेली पानं-फळं टाकतात, चितळ खाली ती खातं. वानराला वरून लांबचं दिसतं, चितळाला खालचा वास लागतो. उन्हाळ्यात गवत वाळल्यावर ही सोबत वाढते. वानरांच्या झाडाखाली सांबर सहसा तळ ठोकत नाही.

हाक

चितळाची धोक्याची हाक उंच पट्टीची, आखूड आणि तीक्ष्ण. सांबराची खोल, दणदणीत: 'ढाँक'. दरीत ती खूप दूरवर ऐकू जाते. गाइड लोक सांबराच्या हाकेवर जास्त भरवसा ठेवतात, आणि त्यामागे कारण आहे. चितळाच्या कळपात चाळीस जोड्या डोळे असतात. एकाने दचकून हाक दिली की बाकीचे न बघताही तीच उचलतात. कोल्हा, अजगर, पायी चाललेला माणूस, काहीही पुरतं. सांबर एकटं असतं. ओरडलं तर आपली जागा उघड होते, म्हणून ते खात्री पटेपर्यंत गप्प राहतं. हाक मारतं तेव्हा ती दबा धरलेल्या जनावरालाही ऐकवलेली असते: तू दिसलास, आता उपयोग नाही.

पण हा नियम शंभर टक्क्यांचा नाही. जिप्सी एकदम वळणावर आली तरी सांबर एकदा 'ढाँक' करून झाडीत शिरतं. एकच हाक आणि मग शांतता असेल तर बहुधा तुमच्यामुळेच. पुन्हा पुन्हा, मिनिटंच्या मिनिटं, एकाच जागेवरून हाक येत असेल तर थांबावं. इंजिन बंद करावं, बोलणं बंद करावं. जनावर दिसत असेल तर त्याचे कान आणि नाक कुठे रोखले आहेत ते बघावं. शेपूट उभी, एक पाय आपटणं, पुढे दोन पावलं आणि पुन्हा थबकणं, हे सगळं एकाच दिशेला चाललेलं असतं. मग त्या दिशेची पायवाट, नाला किंवा पाणी कुठे आहे याचा विचार करावा. आधी चितळ, मग वानर, मग पुढे सांबर अशा हाका सरकत गेल्या तर शिकारी चालतोय. हाका थांबल्या म्हणजे तो गेला, असं नाही. तो गवतात बसला आणि दिसेनासा झाला तरी हाका थांबतात. घाईने गाडी सुरू करणाऱ्यांचा वाघ इथेच निसटतो.

उन्हाळ्यात आणखी एक फसगत होते. माजावर आलेला चितळ नर घोगऱ्या, लांबट आवाजात पुन्हा पुन्हा ओरडतो. नवख्याला ती धोक्याची हाक वाटते. कळपातल्या बाकीच्यांकडे बघावं. ते डोकी खाली घालून चरत असतील तर तो आवाज वाघासाठी नाही.

ठसे आणि लेंड्या

चितळाचा ठसा साधारण 5 ते 6 सेंटीमीटर लांब, अरुंद, पुढे टोकदार. सांबराचा 7 ते 9, रुंद आणि टोकाला बोथट. एकच ठसा मोजू नये; चिखलात खुरं फाकतात आणि चितळाचा ठसाही मोठा वाटतो. सलग चार-पाच ठसे, आणि त्यातही घट्ट ओल्या मातीतले, बघावेत. मुख्य ठशाच्या मागे, बाजूला फाकलेली दोन छोटी खुरं उमटली असतील तर रानडुक्कर असण्याची शक्यता जास्त. चितळाच्या लेंड्या एक-दीड सेंटीमीटरच्या, एका टोकाला निमुळत्या; सांबराच्या दोनेक सेंटीमीटरच्या, जाडसर. पावसाळ्यात ओला चारा खाल्ल्यावर दोघांच्याही लेंड्या चिकटून गोळा होतो, तेव्हा आकारावर विसंबू नये. एकाच जागी जुन्या-नव्या लेंड्यांचा मोठा साठा दिसला तर ती नीलगाय असू शकते, तिला ठरलेल्या जागी जायची सवय असते.

मादी सांबर आणि मादी नीलगाय यांत दुरून गल्लत होते. नीलगायीची पाठ खांद्याकडून मागे उतरती, पायांत खुरांच्या वर पांढरी कडी. सांबराची पाठ बरीच सपाट, पाय एकरंगी.

गळलेलं शिंग

पाचोळ्यात तीन टोकांचं शिंग दिसलं तर बुडाकडची पहिली फांदी बघावी. चितळात ती मुख्य दांड्याला जवळपास काटकोनात निघते. सांबरात वर झुकलेली, लघुकोनात. चितळाचं शिंग सडपातळ, त्यामानाने गुळगुळीत, बाहेर वळून आत येणारं. वरच्या दुभंगात बाहेरचं टोक लांब आणि आतलं आखूड. सांबराचं शिंग जाड, खरखरीत, उभ्या खाचांचं. वरची दोन टोकं बहुधा सारखीच. टोकं मोजून वय सांगू नये. पूर्ण वाढलेल्या नराला तीनच येतात, मग तो पाच वर्षांचा असो की दहा; उतारवयात तर शिंगं पुन्हा खुजी होऊ लागतात.

बघून, फोटो काढून ते तिथेच ठेवावं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते उचलून घरी नेणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे, मग प्राण्याने ते स्वतःहून टाकलेलं का असेना. पुढच्या खेपेला तेच शिंग सापडलं तर कडांवर समांतर ओरखडे दिसतील: साळिंदर चुन्यासाठी हाड कुरतडतं, आणि चितळंही ते चघळतात.